भाऊबीजेचं भात

पंढरीची जबानी होऊन गेली होती. हरिहरपंत वकिलांनी पढवलं तेवढंच तो बोलला होता: बाळकुमचा खाडीकडचा तुकडा बारा वर्षं मीच कसतो, सारा मीच भरतो, बहिणीला त्यातला दाणा दिलेला नाही. बोलताना तो ठाण्याच्या त्या कोर्टाची कौलं मोजत राहिला. आता पिंजऱ्यात बायजा उभी होती, आणि मोजायला कौलं उरली नव्हती.

तो तुकडा बापानं बायजाला लग्नात चोळीबांगडीसाठी दिला होता. लिहून काही नाही. पाच माणसांसमोर हातात नारळ ठेवला, झालं. ती कोपरला सासरी गेली आणि शेत भावाकडे राहिलं. यंदा नवरा वारल्यावर तिनं ते मागितलं, तेव्हा पंढरीच्या तोंडून निघून गेलं, "कसलं शेत?" निघालेला शब्द परत गिळायला माणूस मोठा लागतो. पंढरी वकिलाकडे गेला.

"कायदा साधा आहे," हरिहरपंत म्हणाले होते. "दुसऱ्याची जमीन बारा वर्षं आपली म्हणून उघड कसली आणि त्यानं दावा लावला नाही, की ती आपली. मात्र तिचा वाटा म्हणून एक पायली जरी तिला पोचली असेल, तर तूच ती जमीन तिची मानत आलास असं होतं. मग संपलं."

"नाय पोचली," पंढरी म्हणाला होता.

पोचत तर दर भाऊबीजेला होती. पायली नव्हे, गोणभर. त्याच तुकड्याचं भात तो वेगळ्या कणगीत ठेवायचा, आपल्यात मिसळू द्यायचा नाही. घरात तिला बायजाची कणगी असंच म्हणत. तेवढं बायजालाच सांगायचं राहिलं होतं. पहिल्या वर्षी गोण बघून ती हरखली, "माझा दादूस केवढं आनतो!" म्हणून साऱ्या आळीला सांगून आली. पंढरीला ते ऐकायला बरं वाटलं. मग दर वर्षी बरं वाटत गेलं.

बायजाचा वकील उठला. "बाई, दर दिवाळीला भावाकडून भात येतं ना?"

"येतं ना. गोनभर. खांद्यावर घालून आनतो तो."

संपलं, पंढरीला वाटलं. आणि नवल म्हणजे, त्याला जरा सुटल्यासारखंही झालं. आता ती बोलेल. शेत जाईल, पण हे एकदाचं उरकेल.

"म्हणजे तुमच्या शेतातला वाटाच तो."

"वाटा कसा? भाऊबीज ती."

"बाई, नीट आठवा. सकाळी मी काय समजावलं होतं?"

"समजावलंत ना तुमी. शेताचं म्हनून सांग, शेत तुझं होईल." लोक हसले. बायजा हसली नाही. "पन आता खरं सांगेन म्हनून बोललेय ना मी? शेताचं भात मी कदी मागितलंच नाय. त्यानं आपल्या पोरांच्या ताटातलं काढून आनलं, मी त्याला ओवाळलं. त्याला वाटा म्हनू? तोंड झडेल माझं."

वकील खाली बसला. न्यायाधीशांनी दौत पुढे ओढली.

पंढरीला उठायचं होतं. सांगायचं होतं ते एकच वाक्य, त्या कणगीचं. पाय होते, वाक्य होतं. दोघांची गाठ पडेना.

तेवढ्यात हरिहरपंतांनी एक कागद त्याच्यापुढे सरकवला. "कर निशाणी. आम्हाला यापरतं काही सांगायचं नाही, एवढंच लिहिलंय. जिंकलास म्हण."

ज्याला लिहिता येत नाही त्या शेतकऱ्यानं सहीच्या जागी नांगर काढायचा, अशी रीत. पंढरीनं नांगर काढला. आज त्याचा फाळ वाकडा आला. बोटांना शाई लागली, त्याच बोटांनी त्यानं कपाळाचा घाम पुसला.

बाहेर चिंचेखाली तो पाठ करून उभा राहिला, तर बायजाच फिरून त्याच्या पुढ्यात आली. त्यानं तिच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे नजर ठेवली.

"रागावलास काय दादूस?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"दीर बोलले दावा लाव, म्हनून लावला. मना काय कळतंय त्यातलं? शेत ऱ्हाऊ दे तुला. पन भाऊबीजेला यायचा राहू नको."

"बायजे," तो म्हणाला. "ते भात..."

"नको आनू भात. दर साल कुठून आनशील? तुला पन पोरं हायेत. हात हालवत ये." मग तिचं लक्ष वर गेलं. "आन् कपाळाला ह्ये काय फासलंस?"

तिनं पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं. तो हातभर उंच. "वाक जरा," ती म्हणाली. तो वाकला. शाई निघेना, नुसती पसरत गेली.

"हलू नको," ती म्हणाली.