वीणा धराची असते

या, सतरंजीवर जरा पुढं सरकून बसा. कीर्तनकार बुवा यायचे आहेत, तोवर आपल्या इंझोरीच्या धनराजची गोष्ट ऐका.

याच मंडपात, सप्ताहातल्या एका दुपारी, धनराज गिटारची पेटी खांद्याला लावून उभा होता आणि माईक सांभाळणारा गावचा मदनसिंग ओरडत होता, "स्पेनात फ्लेमेंको वाजवणारा आपला धनराज आज हजेरी लावून राह्यला!"

फ्लेमेंको म्हणजे तिकडचं गाणं-नाचणं. नाचणारी टाचा आपटते, मंडळी टाळ्यांनी ठेका धरतात आणि गिटार साऱ्यांना ओढून नेते. धनराजची उभी जवानी तिथल्या सेव्हिया शहरात त्याच्यातच गेली. नाव झालं, पेपरात फोटो आले.

पेटीत गिटार होती. वाजवणारा हात मात्र उरला नव्हता. घास घेताना हात नीट चालायचा; तारेवर गेला की शेवटची दोन बोटं आपोआप तळव्यात मिटायची. फार वाजवणाऱ्यांचा हा आजार, डॉक्टर म्हणाले, बरं होणं कठीण. गावात कुणाला ठाऊक नव्हतं. सवयीनं पेटी बरोबर आणली, तिथंच तो फसला.

मखरापुढं म्हातारे पुंजाजी वीणा घेऊन उभे होते. सप्ताहभर वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, एकमेकांच्या पाया पडून. धनराजला जुनी दुपार आठवली. उदबत्तीचा हाच वास होता, मंडपामागं वरणाला फोडणी बसत होती. नुकती मिसरूड फुटलेली, वीणेचा पहारा त्याच्याकडं. नाम चालू असताना त्यानं तार दाबून सिनेमातलं गाणं काढलं. लोक हसले. पुंजाजींनी वीणा काढून घेतली.

"पोट्ट्या, वीणा वाजवाची नसते, धराची असते!"

ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. वाजवूनच दाखवतो, म्हणून त्यानं गाव सोडलं. दाखवलंही.

"वाजव ना भाऊ," मदनसिंग हसून म्हणाला, "का तिकीट काढा लागते तुह्यं?"

सारा मंडप हसला. धनराजनं पेटी उघडली नाही. तो पुंजाजींपाशी गेला, पायांवर वाकला आणि हळूच म्हणाला, "बाबा, माह्या हात गेला."

पुंजाजींनी तो हात हातात घेतला. त्यांचाच हात लटलट कापत होता.

"माह्या तरी कुठी राह्यला? कापते म्हणून तार वाजते. लोकाईले वाटते, बुढा अजून वाजवून राह्यला!"

मग त्यांनी वीणा धनराजच्या गळ्यात घातली. रीतीप्रमाणे त्याच्या पायांना हात लावला. म्हातारा तेच जुनं वाक्य बोलला, पण या वेळी बाळाला निजवताना बोलावं तसं.

"वाजवाची नसते, बाबू. धराची असते."

मदनसिंगनं माईक खाली केला. टाळ सुरू झाले. एका तारेला एक बोट पुरतं, आणि ते बोट शाबूत होतं.

पुंजाजी गेल्या चैत्रात देवाघरी गेले. तो मखरापुढं डोळे मिटून वीणा धरून उभा आहे ना, तोच धनराज. बुवा आले बघा. आता नाम सुरू होईल. पहिली टाळी तेवढी पुंजाजींच्या आठवणीनं वाजवा.