बाभळीवरच्या करवंट्या

तापलेली सळई विमलनं करवंटीत खुपसली तशी चर्र आवाज झाला आणि धूर निघाला. सहा वर्षांचा आलोक वाकून बघत होता.

"बाबाच्या डोक्याला असंच भोक पडलं होतं का माय?"

"त्याहून मोठं," विमल म्हणाली आणि दुसरी करवंटी ओढली.

लेकरापुढं असं बोलू नये हे तिला कळत होतं. पण नऊ दिवसांपूर्वी नवऱ्याचं, सुदर्शनचं डोकं तिनंच मांडीवर घेतलं होतं. तिन्हीसांजेला, शेतातल्या विहिरीजवळ. कुणीतरी कसल्यातरी जड लोखंडानं फोडलं होतं. पदराचा बोळा करून तिनं रक्त दाबलं, तर बोटं आतच गेली.

विहिरीवरची पाण्याची मोटार चोरायला आलेल्यांचं काम, असं पोलिसांनी लिहून घेतलं. तसं सांगितलं होतं थोरल्या दिरानं, हणमंतनं. दोघा भावांत बांधावरून चार वर्षं बोलणं नव्हतं. आता हणमंत येईल त्याच्यापुढं भावाचे गुण गाऊन रडत होता. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! विमलनं एकदाच विचारलं होतं, "मोटार तर विहिरीवरच हाय की." हणमंत आणखी मोठ्यानं रडायला लागला.

घरात सुतक आणि लेकरं रडून थकलेली. म्हणून तिनं शाळेच्या उन्हाळी उपक्रमाची वही काढली. पाखरांसाठी करवंट्या टांगा, असं त्यात होतं. दहा वर्षांची देविका दोऱ्या ओवायची. आलोक पाट्यावर शेंगदाणे ठेचायचा, दर ठोक्याला "चोर मेला, चोर मेला" म्हणत. त्यात शिळी भाकर, गूळ आणि तूप कालवून विमल लिंबाएवढे लाडू वळायची.

"चिमण्या एवढे मोठे लाडू कशा खातील?" देविकानं विचारलं.

"ज्याला भूक असंल ते खाईल."

रोज सकाळी दहाला देविका शेजारच्या शिवकन्याकाकूबरोबर नदीच्या वळणापलीकडं जाऊन बाभळींना करवंट्या टांगून यायची. चौथ्या दिवसापासून एक दिवस चुकला नाही. त्या निमित्तानं पोरगी दोन घास खायला लागली, असं बायका म्हणाल्या. दहाव्याला करवंट्या दुप्पट गेल्या.

आलोक लहान, म्हणून सकाळी दहाला नदीच्या घाटावर पिंड हणमंतनंच ठेवला. वर सुदर्शनच्या आवडीची भजी. सगळे मागं सरले.

कावळा येईना. अर्धा तास झाला, आभाळ मोकळंच.

"कायतरी राहिलंय त्याच्या मनात," पोलीस पाटील शेषेराव म्हणाले. "बोल हणमंता."

"लेकरं सांभाळीन तुझी," हणमंत पिंडाला म्हणाला. काही नाही. "बांध सोडला तुझ्याकडं." तरी नाही. त्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावरून घाम ओघळत होता.

विमल बायकांत बसली होती. ती तिथूनच बोलली, "भावजी, त्यांना काय पायजे ते तुमालाच म्हाईत हाय."

हणमंतनं पुन्हा वर पाहिलं. मग वाळूत गुडघेच टेकले.

"मी मारलं," तो म्हणाला. "पहिला घाव खांद्यावर बसला, तर मला 'दादा' म्हणला. दुसऱ्याला हात आडवा केला, तो मोडला. तिसरा डोक्यात घातला. पडल्यावर बी दोन घातले. पहार विहिरीत हाय. आता तरी शीव रे सुदर्शना, लई झालं."

भावकीतली पहिली लाथ त्याच्या तोंडावर बसली. दात वाळूत पडला, रक्त हनुवटीवरून गळू लागलं. तिघं त्याला तुडवत होते आणि तो हात न उचलता पिंडाकडंच बघत होता. शेवटी शेषेराव मध्ये पडले आणि त्याला ओढून बाजूला नेलं. विमलला त्याची तसूभर दया आली नाही.

सगळं बोलून झालं, तरी कावळा आला नाही. लोक एकमेकांकडं बघू लागले.

विमल उठली आणि काठाकाठानं वळणापलीकडं गेली. बाभळी काळ्या झाल्या होत्या. एकेका करवंटीवर चार-चार कावळे तुटून पडले होते. खाली देविका रिकाम्या झालेल्यांत आणखी लाडू भरत होती.

"बस कर देवे," विमल म्हणाली. "उतरव सगळ्या. आता तुझ्या बापाला जेवू दे."