विशीतलं गाणं

"बंद कर की ती कटकट!" मागच्या सीटवरून आक्का ओरडली. विश्वजितनं गाणं बंद केलं. कागलपासून हे तिसरं गाणं होतं.

शेजारच्या सीटवर त्याची आई, चिमणाबाई, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसली होती. आजरा सोडल्यापासून तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. डिकीत तिची ट्रंक होती, दोन गाठोडी होती आणि घनसाळ तांदळाचं पोतं होतं. लेकीच्या घरी फुकट खायला नको म्हणून पोतं तिनं हट्टानं घेतलेलं.

गेल्या महिन्यात ती न्हाणीत पडली. शेजारणीनं हाक ऐकली म्हणून निभावलं. विश्वजित वीस दिवसांची सुट्टी काढून आला, पण रविवारी त्याला परत जपानला जायचं होतं. मग आईला पेठ वडगावला, बहिणीकडं, स्नेहलकडं कायमचं पोचवायचं ठरलं. ठरवलं त्यानंच. आई नुसतं 'व्हय' म्हणाली. आक्का ही आईची थोरली बहीण. ती सोबतीला आली होती, आणि भाच्याला चार शब्द सुनावायलाही.

"कर्ता ल्योक असताना लेकीच्या दारात ऱ्हायचं," कागल सोडतानाच ती म्हणाली होती. "जन्माचं नाव काढलंस बाबा!"

विश्वजितला तो विषय तिथंच थांबवायचा होता. म्हणून तर त्यानं गाणी लावली. तेवढी एकच गोष्ट त्याला येत होती.

सहा वर्षं तो तिकडं म्हाताऱ्यांच्या केंद्रात कामाला होता. सकाळी गाडीनं त्यांना घरून आणायचं, संध्याकाळी सोडायचं. गाडीत जुनी जपानी गाणी लावायची, आणि ती निवडायची एक रीत ठरलेली होती. माणसाचं जन्मसाल विचारायचं, त्यात वीस मिळवायचे, आणि त्या साली गाजलेलं गाणं लावायचं. रुसलेला म्हाताराही मान डोलवायला लागायचा. कोबायाशी आजी तर पोटच्या लेकीचं नाव विसरली होती, पण विश्वजितनं शोधलेलं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची. केंद्रात सगळे त्याची वाहवा करायचे.

तीच रीत त्यानं आज आईला लावली होती.

"आई, पंच्याहत्तर सालची गाणी हाईत ही. तू वीस वर्षांची होतीस तवाची."

"असतील की," आक्काच बोलली. "पर रेडिओ हिच्या सासऱ्यानं बाहेरच्या सोप्यात ठेवलावता, आणि सुनांनी सोप्यात पाऊल टाकायचं न्हाय. चुलीपुढं धूर खात बसलेली ही. हिला कुठलं आलंय गाणं?"

"मग तिला आवडतं तरी काय?"

"मला इचारतोस? पोटचा तू, का मी?"

सतरा जपानी म्हातारा-म्हातारींची गाणी विश्वजितला तोंडपाठ होती. कोण कुठल्या ओळीला रडतं तेही ठाऊक होतं. जिनं जन्म दिला तिचं एक गाणं त्याला सांगता येत नव्हतं. त्याला आईकडं बघायचीसुद्धा लाज वाटली.

गोकुळ शिरगाव आलं. दुसरं काहीतरी लावावं म्हणून त्यानं न बघताच फोनवर बोट दाबलं, आणि ते नेमकं केंद्रातल्या रोजच्या यादीवर पडलं. कोबायाशी आजीचं गाणं सुरू झालं. बाईचा संथ, भरलेला आवाज गाडीत घुमला. त्यानं घाईनं हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली.

त्यानं हात मागं घेतला. थोड्या वेळानं त्याला वाटलं, गाडीत दोन आवाज येताहेत. त्यानं वळून बघितलं. आईचे ओठ हलत होते. गाणारी श्वास घ्यायला थांबली, की पुढची ओळ आईच्या तोंडातून आधी निघत होती. शब्द मोडकेतोडके, पण चाल कुठं तसूभर चुकत नव्हती.

"अगं चिमणे!" आक्का पुढं वाकली. "ही कुठली भाषा गं? कवा शिकलीस?"

विश्वजितनं गाडी रस्त्याकडेला घेतली.

"आई, तुला हे कसं येतंय?"

"तूच की ऐकवायचास. रोज एक वाजता."

इथला एक म्हणजे तिकडचे साडेचार. त्या वेळी तो कोबायाशी आजीला शेवटी सोडायचा. रिकामी गाडी घेऊन परत येताना फोन पुढं अडकवून घरी लावायचा. 'बोल आई,' म्हणायचा. 'जेवलास का?' ती विचारायची. 'हूं.' संपलं. तो दमलेला असायचा, पुढं रस्ता असायचा, गाडीच्या प्लेअरवर आजीचं गाणं तसंच पुन्हा पुन्हा वाजत असायचं. वीस मिनिटांनी केंद्राचं फाटक आलं, की 'ठेवतो.' आणि सहा वर्षांत एक दिवस फोन चुकवला नाही, असं तो गावभर सांगत सुटला होता.

"आई," तो म्हणाला, "मी बोलतच न्हवतो गं तुझ्यासंगं."

"दमून जायचास रं. मी आपली भाकरी उरकून एकच्या आधी बसायची. गाणं लागलं, की वाटायचं, पोरगं हाय हितंच."

आक्कानं पदर डोळ्याला लावला. आईनं मात्र पिशवीचे बंद पुन्हा पुन्हा सारखे केले. फार मोठं काही मागायचं असावं, तशी ती अडखळत होती. मग समोर बघतच हळूच म्हणाली,

"स्नेहलच्यात गेल्यावर बी तसाच फोन लावत जा. बोलला न्हाईस तरी चालंल. गाणं तेवढं बंद करू नगंस."