बातमीचा तिसरा परिच्छेद

धाकट्या भावाने ब्लॉगवर ताईचं तोंडभरून कौतुक केलं होतं: बिस्किटांच्या कारखान्यातला संप, तिचं पोलिसांपासून लपून राहणं, मग अटक. पुरावा म्हणून वर्तमानपत्राच्या जुन्या बातमीची लिंक दिली होती. उघडली की दोनच ओळी दिसायच्या, पुढचं वर्गणीदारांसाठी. ताई तेव्हा कोठडीत होती, बातमी वाचायची राहूनच गेली होती. तिने हौसेने वर्गणी भरली. तिसऱ्या परिच्छेदात होतं, ‘सख्ख्या भावानेच पत्ता दिल्यामुळे ती सापडली.’ लपायची जागा ठाऊक असलेल्या मैत्रिणीवर संशय घेऊन ताईने चाळीस वर्षं अबोला धरला होता. तिने भावाला फोन लावला. “लिंक दिलीस, ती वाचलीस का रे?” “छे! पैसे भरून कोण वाचतंय?” “मी वाचली.” “ताई, मालकांनी मला नोकरी देऊ केली होती गं…” फोन ठेवून तिने चपला घातल्या. मैत्रीण मागच्याच गल्लीत राहायची.