काय म्हणून हाक मारायची

"बाबा, चला ना आता. लोक बघतायत."

जिंबोचो या पुस्तकांच्या पेठेतल्या एका जुन्या दुकानात कुजिराई विज्ञानकथांच्या मासिकांपुढे उकिडवे बसले होते. त्यांची मुलगी चिहारू मागे उभी राहून चुळबुळत होती. "या वयात उडत्या यानांची चित्रं! पक्के ओताकु आहात तुम्ही." म्हणजे घरकोंबडे, माणसांत न मिसळणारे, खुळे.

कुजिराईंनी पुढचा अंक उचलला. बायको गेल्यापासून या कथांवर वाद घालायला कुणी उरलं नव्हतं, आणि त्या वादाची भूक काही केल्या जात नव्हती.

शेजारच्या फळीपाशी एक पिकल्या केसांची बाई अंक चाळत होती. कुजिराईंच्या हातातला अंक पाहून तिचा चेहरा एकदम उजळला. कंबरेत किंचित वाकून तिने विचारलं, "ओताकु, मंगळावरच्या विहिरीची गोष्ट यातच ना? शेवट पटला का हो?"

कुजिराई तोंड उघडणार, एवढ्यात चिहारू कडाडली. "ओळख ना पाळख, माझ्या वडिलांना ओताकु म्हणता?"

बाई गोरीमोरी झाली. वाकवाकून माफी मागत ती बाहेर निघून गेली.

"काय केलंस हे!"

"मग? मी म्हटलेलं वेगळं. मी घरची आहे. परक्या बाईने शिवी द्यायची?"

"शिवी नाही गं ती. आमच्या वेळी विज्ञानकथावाले जमले, की अनोळखी माणसाला असंच म्हणायचे. ओताकु, म्हणजे शब्दशः 'आपलं घर', आदराने 'तुम्ही'." कुजिराईंनी दाराकडे पाहिलं. "'अहो' म्हणाली ती मला. तुझी आईसुद्धा पहिल्यांदा हेच म्हणाली होती."

अंक तिथेच ठेवून ते बाहेर धावले. बाई पार सिग्नलपाशी पोचली होती. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. जवळ होता तो एकच शब्द.

"ओताकु!" ते ओरडले.

खेळण्यांच्या पिशव्या घेतलेली दोन-तीन पोरं, आपल्यालाच हिणवलं असं समजून, रागाने वळली. येणारे-जाणारे थबकून बघायला लागले. बाई वळली नाही.

चिहारू येऊन बापाच्या शेजारी उभी राहिली. लाजेने तिचे कान लाल झाले होते. सिग्नल हिरवा झाला, माणसं रस्ता ओलांडू लागली.

"अजून जोरात, बाबा," ती म्हणाली.