खालच्या वस्तीची टाकी

"मेलंय सगळं," टाकीत वाकून पाहत निकिता मॅडम म्हणाल्या.

सांडपाण्याचा प्लान्ट त्यांनीच उभा केलेला. गावात गटारलाइन नाही, म्हणून वरच्या आळीच्या चाळीस घरांचं पाणी पायपाने इथं आणलं होतं. टाकीतले जंतू घाण खातात आणि पाणी निवळतं, असा साधा हिशेब. पण वरची आळी पडली टापटिपीची. दिवाळीला लेकी-जावई येणार म्हणून घरोघर चढाओढीनं संडासात ॲसिड ओतलं गेलं. जंतूंची दिवाळी तिथंच आटोपली.

छगन कुंपणाशी उभा होता. त्याची खालची वस्ती इथून शंभर पावलांवर. वस्तीची संडासाची टाकी भरून वाहायची ती थेट त्याच्या उंबऱ्यासमोरून. म्हातारी रंगुबाई त्यात दोनदा घसरली. दुसऱ्या वेळी तिचा खुबा मोडला. वस्तीला पाईप जोडायचा विषय ग्रामसभेत निघाला, तेव्हा सरपंच सूर्यभानआण्णा म्हणाले होते, "ह्या पाण्यावर भैरोबाचा झेंडू फुलवायचा हाय. त्यांचं आमच्यात कसं मिसळायचं?" घाणीतही वरची-खालची असते, हे सभेला एकमताने पटलं.

"आता विरजण लावावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "जुन्या, मुरलेल्या टाकीतला गाळ. जिच्यात कधी ॲसिड पडलं नाही अशी टाकी हवी."

टाकीच्या काठाशी मॅडमशेजारी उभे असलेले आण्णा मनातल्या मनात सगळं गाव फिरून आले. मग त्यांची मान हळूहळू छगनकडे वळली. वस्तीत ॲसिड परवडतंय कुणाला?

"छगनराव," आण्णा म्हणाले. छगनला 'राव' लागला तो जन्मात पहिल्यांदा. "तुमच्या टाकीतला एक टँकर गाळ द्या की."

"आमचं चालंल का झेंडूला?"

"थट्टा करतो व्हय रं? गावाचं काम हाय."

"आन् आमचा पाईप?"

"आधी हे तर हू दे."

वस्तीतल्या बाया म्हणाल्या, आधी लिहून घे. छगन म्हणाला, "एकदा मिसळलं की न्हाई म्हनायला तोंड कुठं ऱ्हातंय त्यांना?" टँकरने गाळ ओढला, तेव्हा सगळी वस्ती नाकाला पदर लावून हसत होती.

पंधरा दिवसांत प्लान्टचं पाणी निवळलं. जिल्ह्याचे साहेब आले, ग्लासात पाणी धरून फोटो काढून गेले. तोवर वस्तीची टाकी पुन्हा काठोकाठ भरून छगनच्या दारातून वाहू लागली होती.

तो आण्णांकडे गेला. "आता तर मिसळलं, आण्णा. चर आमी खांदतो. पाईप तेवढा द्या."

आण्णांनी चक्क त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"येडा का खुळा तू? तुमची टाकी रिकामी झाली, तर पुढच्या दिवाळीला आमी विरजण कुठून आणायचं?"