बेयाच्या सिनेमातली धून

"पुन्हा म्हण," शेख तिजानी म्हणाले.

हम्मूदानं डोळे मिटले, छातीत हवा भरली आणि पुन्हा आळवलं. रबाब मांडीवर घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यानं तोंडाला रुमाल लावला. मागच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्या पोरी तर एकमेकींच्या अंगावर कोसळल्याच.

"हसा, हसा," हम्मूदा म्हणाला. "उभा जन्म टॅक्सी चालवली, गळा हॉर्नसारखाच होणार. पण धून सापडल्याशिवाय मी इथून हलत नाही."

ट्यूनिशियातल्या तस्तूर गावच्या मालूफ मंडळाची शुक्रवारची तालीम त्याच्यापायी खोळंबली होती. पूर्वजांनी स्पेनमधल्या अंदालुसियातून आणलेलं हे मालूफ संगीत गावात शेख तिजानींइतकं कुणालाच मुखोद्गत नव्हतं, म्हणून हम्मूदा त्यांच्याकडेच आला होता. त्याला लग्न करायचं होतं. तेही बेयाशी.

बेया गावची दाई. साठी ओलांडली तरी लग्न केलं नव्हतं. हम्मूदाची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यानं धीर करून विचारलं, तेव्हा बेया ना हसली ना रागावली. म्हणाली, "दाईचं काम शिकायला ट्यूनिसला होते तेव्हा एक सिनेमा पाहिला होता. नाव आठवत नाही, नटी आठवत नाही. एक बाई गच्चीवर जाऊन कबुतरं सोडते आणि मागे एक धून वाजते. आयुष्यभर ती माझ्या डोक्यात अर्धीच आहे. ती कुठली ते शोधून आण. मग बघू." आणि तिनं दोन ओळी गुणगुणून दाखवल्या.

तेव्हापासून हम्मूदा डोक्यावर अंड्यांची पाटी असल्यासारखा चालत होता. रेडिओ लावू देत नव्हता, कुणाशी मोठ्यानं बोलत नव्हता. न जाणो, धून सांडली तर?

शेखांनी व्हायोलिनवर एक तुकडा वाजवला. "ही?"

"नाही. ही सरळ जाते."

दुसरा वाजवला.

"ही पण नाही. तिची चढण संपली की एकदम वळण लागतं."

"अरे बाबा, रस्ता नको सांगूस. सूर सांग!"

हम्मूदानं पुन्हा सूर सांगितला. रबाबवाला उठून बाहेर गेला. त्याचं हसणं खिडकीतून आत येत राहिलं. हम्मूदाही हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता त्याला खरंच वाटू लागलं, की धून वाटेतच कुठेतरी सांडून गेली असावी आणि आपण घेऊन आलोय ती नुसती पाटी.

दलेंदा मात्र हसत नव्हती. तिच्यासमोर दोन छोटे नगारे होते आणि ती हम्मूदाच्या हातांकडे बघत होती.

"शेख, त्यांच्या तोंडाकडे लक्ष देऊ नका," ती म्हणाली. "बोटं बघा."

समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हम्मूदाची बोटं स्टिअरिंगवर नाचावीत तशी नाचत होती. सगळे बघायला लागल्यावर थबकली.

"थांबू नका, काका. मनातल्या मनात गा. तोंड तेवढं बंद ठेवा."

हम्मूदानं ओठ घट्ट मिटले. बोटं चालू लागली. दलेंदानं ठेका नगाऱ्यांवर उचलला, आणि शेखांच्या भुवया वर गेल्या.

"हा तर शेवटचा भाग! मैफल संपवताना धावतो तो!" त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. पहिली धून चुकली, दुसरी चुकली. तिसरीला पोरींनीही साथ धरली, सूर चढत गेले आणि अचानक खाली वळले.

"वळण!" हम्मूदा ओरडला. "हेच वळण! अरे हीच!" आणि त्यानं धावत आत आलेल्या रबाबवाल्याला मिठी मारली.

शेखांनी व्हायोलिनचा गज खाली ठेवला. "हम्मूदा, तुझं एक वेळ समजू शकतो, तुला कानच नाहीत. पण ही तर आपण गावातल्या प्रत्येक लग्नात वाजवतो. नवरा-नवरीला घरी पोचवताना. बेयाला कशी ओळखता आली नाही?"

हम्मूदानं बेयाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि काही न सांगता व्हायोलिनांपुढे धरला. त्यांनी धून पहिल्यापासून वाजवली.

"बेया?"

"हीच रे," ती हळूच म्हणाली. "कबुतरं दिसली मला. कुठली आहे?"

शेखांनी फोन घेतला. "आपल्याच गावची, बेयाबाई. इथल्या प्रत्येक लग्नाच्या शेवटी वाजते."

"थट्टा करू नका. दाई होऊन या गावात आल्यापासून एक लग्न चुकवलं नाही मी."

"चुकवलं नाहीत. पण शेवटपर्यंत कधी थांबलात?"

"माझ्या लग्नात ताटावरून उठलात, मावशी," दलेंदा फोनजवळ येऊन म्हणाली. "माझ्या नणंदेला कळा लागल्या."

"माझ्या लग्नात पण! वहिनीसाठी," मागून कुणीतरी ओरडलं.

"माझ्या लग्नात तर शेजाऱ्याची गाय अडली होती!" रबाबवाला म्हणाला.

हसण्याचा असा कल्लोळ झाला, की त्यात बेयाही हसतेय हे जरा वेळानं कळलं. हम्मूदानं फोन घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मग? काय ठरलं?"

"पुढल्या शुक्रवारी मंडळी मोकळी आहेत का विचार," बेया म्हणाली. "आणि वाटेत कुंभाराच्या सुनेला निरोप दे. तिचे दिवस भरत आलेत. दुखायला लागलं तर सरळ बेजा शहरातल्या इस्पितळात जा म्हणावं. त्या दिवशी मी कुणाच्या हाकेला उठणार नाही."